बळदापासून गॅरेजपर्यंत : आपल्या अडगळीचा इतिहास

आपल्या सोसायटीत मागच्या भिंतीला लागून आठ बंद गॅरेजं आहेत. त्यांतल्या दोनांत मोटारी उभ्या असतात, बाकीच्या सहांत संसार आहेत. तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा, मुलांचा पाळणा, चाक निघालेली सायकल, कुणाची चेतक स्कूटर, तीन-चार लोखंडी ट्रंका आणि दोरीने बांधलेले असंख्य खोके. ज्यांच्यासाठी ही गॅरेजं बांधली त्या मोटारी मात्र बाहेर उन्हापावसात एकमेकींना खेटून उभ्या.

रौप्यमहोत्सवी वर्षात ही गॅरेजं, जिन्याखालची जागा आणि पार्किंगमधले कोपरे मोकळे करावेत, असा विषय वार्षिक सभेत आला. त्यावर जी वादावादी झाली ती सभासदांच्या लक्षात असेलच. एक बाजू म्हणाली, "भंगारवाल्याला बोलवा, एका दिवसात काम फत्ते." दुसरी बाजू म्हणाली, "आमच्या वस्तूंना भंगार ठरवणारे तुम्ही कोण?" गंमत अशी की या दोन्ही वाक्यांना आपल्या शहरात मोठा इतिहास आहे. तो थोडक्यात सांगावा, म्हणजे काम करताना उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

साठवण म्हणजे शहाणपण

जुन्या मराठी घरात अडगळ नव्हती असं नाही, पण घराचा मोठा भाग मुळात साठवणीसाठीच बांधलेला असे. पीक वर्षातून एकदा-दोनदा येणार आणि खाणारी तोंडं बारा महिने. त्यामुळे धान्य राखणं हे घरबांधणीचं पहिलं काम. देशावर जमिनीत खोल खड्डा खणून, आतून लिंपून आणि कडबा-पेंढा लावून ज्वारी भरून ठेवत, ते पेव. वाड्यात भिंतीला लागून बांधलेलं बंदिस्त धान्याचं कोठार म्हणजे बळद. बांबूची विणलेली आणि शेणामातीने सारवलेली ती कणगी. कोकणात कौलाखालच्या माळ्यावर भात, नारळ, सुकं सरपण. शिवाय भिंतीत कोनाडे आणि फडताळं, तुळईला शिंकी, दाराशेजारी खुंट्या आणि माजघराला लागून कोठीची खोली.

या सगळ्यात एक शिस्त होती. जे आत गेलं ते कधी बाहेर यायचं हे ठरलेलं असे. पेवातलं धान्य कायमचं ठेवायला नसे, ते अडीअडचणीला किंवा पुढच्या हंगामाआधी बाहेर निघे. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. बंद जागेत हवा कोंडलेली असते आणि ती जीव घेऊ शकते, हे गावातल्या पोरालाही ठाऊक होतं. तोंड मोकळं करून ठेवायचं, आत हवा खेळू द्यायची, मगच माणूस उतरवायचा. आपल्याकडे वर्षानुवर्षं कुलूपबंद असलेलं गॅरेज उघडणाऱ्यांनीही एवढं ध्यानात ठेवावं.

घर रिकामं करायचे दिवसही पंचांगात बसवलेले होते. घटस्थापनेआधी घर झाडून, अंथरुणं-पांघरुणं धुऊन घ्यायची. खंडेनवमीला हत्यारं, अवजारं पुसून पुजायची, म्हणजे गंजलेलं काय आणि चालू काय हे वर्षातून एकदा आपोआप कळे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायचं, आणि त्या रात्री सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर काढायची जुनी रीत. केर काढायच्या साधनाला लक्ष्मी मानणाऱ्या समाजाला स्वच्छता कुणी वेगळी शिकवायला नको. तारीख ठरलेली असे, म्हणून काम होत असे.

वस्तू घराबाहेर जायचे रस्ते

जुन्या घरात अडगळ कमी साठायचं दुसरं कारण म्हणजे वस्तू बाहेर पडायला रस्ते भरपूर होते. बोहारीण दारात येऊन बसायची, जुनी लुगडी आणि धोतरं हाताने ताणून बघायची आणि बदल्यात पातेलं द्यायची. ही घासाघीस तासभर चाले. कल्हईवाला भांडी पुन्हा वापरात आणायचा. पाथरवट पाट्याला टाके घालून द्यायचा. फाटक्या साडीची गोधडी व्हायची, गोधडी विरली की तिचं पायपुसणं. रद्दीवाला तर अजून आहे. पुण्यात बोहरी आळी आणि दर रविवारी-बुधवारी भरणारा जुना बाजार हे याच व्यवहाराचे मोठे टप्पे. कुणाच्या घरातला निरुपयोगी नळ दुसऱ्याच्या घरात जाऊन बसायचा.

म्हणजे वस्तू मरत नसे, ती हातबदल करत असे. आजच्या आपल्या अडचणीचं मूळ इथे आहे. वस्तू घेण्याचा वेग वाढला, बाहेर जायचे रस्ते मात्र एकेक करून बंद झाले. बोहारीण आता सोसायटीच्या गेटवरच अडवली जाते. मिक्सर दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेणं सोपं. मग जुना कुठे जाणार? तर गॅरेजात, कारण टाकवत नाही आणि वापरवत नाही.

१८९७ : घरातलं सामान रस्त्यावर

"आमच्या वस्तूंना भंगार ठरवणारे तुम्ही कोण?" हा प्रश्न पुण्याने फार मोठ्या आवाजात एकदा विचारलेला आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि लवकरच पुण्यात पोहोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात प्लेग कमिटी नेमली गेली आणि वॉल्टर रँड तिचा प्रमुख झाला. गोऱ्या शिपायांच्या तुकड्या पेठांमधून घरोघर झडती घेऊ लागल्या. आजारी माणूस शोधणं हा हेतू. पण माजघरात, देवघरात परके लोक शिरले, संशयित घरांतलं सामान बाहेर काढलं गेलं, कपडे आणि अंथरुणं जाळली गेली. लोकांच्या तक्रारींनी त्या वेळची वर्तमानपत्रं भरलेली होती. जून १८९७ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकलो आहोत.

इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे. प्लेग खरा होता, माणसं खरोखरच मरत होती. घरं उघडून हवा आणि उजेड आत आणण्याची गरजही होती. काम योग्य असूनही ते इतकं अंगावर आलं, कारण घरातलं काय ठेवायचं आणि काय नाही हे घरच्यांना न विचारता ठरवलं गेलं. आपल्या कमिटीची तुलना रँडशी करायची नाही, तसं कुणी समजू नये! पण सोयीसाठी, सुरक्षिततेसाठी केलेली सफाईसुद्धा मालकाच्या पाठीमागे केली की ती सफाई राहत नाही, हे त्या वर्षाने शिकवलं.

दोन खोल्यांचं बिऱ्हाड आणि टंचाईची सवय

पुढच्या पिढ्यांत वाडे फुटले. एका वाड्यात दहा-दहा बिऱ्हाडं, एकेकाला दोन खोल्या. मुंबईत गिरण्यांच्या चाळींत तर दहा बाय बाराची एक खोली, त्यात मोरी आणि वर लाकडी माळा. बळद आणि पेव मागे पडली, पण साठवणीची सवय बरोबर आली. ती आता ट्रंकेत, पलंगाखाली आणि माळ्यावर बसली. गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटं बनवायला सुरुवात केली, आणि पुढे 'गोदरेजचं कपाट' हा मध्यमवर्गीय घरातला एक सभासदच झाला.

या सवयीला टंचाईने खतपाणी घातलं. रेशनवर धान्य, रेशनवर साखर, रॉकेलच्या रांगा. दुधाला कार्ड, गॅसला नंबर, टेलिफोनला नंबर. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. चेतक स्कूटर त्याच वर्षी बाजारात आली आणि नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघत राहिले. जी वस्तू मिळवायला एवढा काळ गेला ती वीस वर्षांनी बंद पडली म्हणून कोण फेकून देईल? गॅरेजातल्या त्या स्कूटरकडे नातवंडं हसून बघतात, पण आजोबांना ती धातूची वस्तू दिसत नाही, त्यांना तो नंबर लागल्याचा दिवस दिसतो. "असू दे, लागेल कधीतरी" हे वाक्य आळसाचं नाही. ज्या काळात खिळासुद्धा सरळ करून परत वापरायचा, त्या काळाचं ते शहाणपण आहे. एवढंच की काळ बदलला आणि वाक्य तसंच राहिलं.

सोसायटी, लॉफ्ट आणि गॅरेज

सहकारी गृहनिर्माणाची आपल्याकडची सुरुवात मुंबईत गावदेवीला, १९१५ मध्ये सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीपासून मानली जाते. पुण्यातही पेठांबाहेर सोसायट्या वसल्या. सहकारनगर हे नावच त्याची साक्ष देतं. १९६० मध्ये महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आला आणि १९६३ मध्ये मालकी सदनिकांचा कायदा.

फ्लॅटमध्ये माळा गेला आणि लॉफ्ट आला. मुंबईच्या बांधकाम नियमांत लॉफ्टची व्याख्याच अशी केली होती की, दोन मजल्यांमधली, साठवणीसाठी वापरायची, जास्तीत जास्त दीड मीटर उंचीची जागा. म्हणजे सरकारनेही मान्य केलं की मराठी माणसाला घरात एक माळा लागतोच. लॉफ्ट भरला की मग नजर खाली, गॅरेजकडे.

गॅरेज या शब्दाचीही एक गंमत आहे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ आसऱ्याची, ठेवायची जागा. आपण मराठीत मात्र "गाडी गॅरेजला टाकली" म्हणजे दुरुस्तीला दिली असं म्हणतो. गाडी ठेवायच्या बंद खोलीला आपल्या भाषेत खरं घर मिळालंच नाही. कदाचित म्हणूनच ती खोली आपण कोठीची खोली समजून वापरली.

कायद्याने मात्र फरक केलेला आहे आणि तो सभासदांनी समजून घ्यावा. १९६३ च्या कायद्यातल्या सदनिकेच्या व्याख्येत गॅरेजचा समावेश आहे. पण इमारतीखालची खांबांमधली मोकळी पार्किंगची जागा, जिला आपण स्टिल्ट म्हणतो, ती गॅरेज ठरते का? नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी या खटल्यात ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नाही. ती सामाईक जागा आहे आणि बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. पुढे २०१६ च्या रेरा कायद्यानेही गॅरेजची व्याख्या केली : छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली, वाहन ठेवायची जागा.

याचा आपल्यापुरता सरळ अर्थ असा. बंद गॅरेजातलं सामान हा त्या सभासदाच्या घरचा प्रश्न आहे, तिथे विनंती करायची. पण स्टिल्टमधल्या खांबामागे, जिन्याखाली, मीटरच्या खोलीपाशी ठेवलेलं सामान आपल्या सगळ्यांच्या जागेत आहे, तिथे विनंतीबरोबर नियमही आहे. विजेच्या मीटरशेजारी पुठ्ठ्याचे खोके आणि जुन्या गाद्या रचणं हे तर कुणाच्याच हिताचं नाही. आग प्रतिबंधाचा राज्याचा कायदा २००६ चा आहे आणि इमारतीची यंत्रणा, वाटा सुस्थितीत ठेवायची जबाबदारी तो राहणाऱ्यांवरही टाकतो. जिना हा रात्री दोन वाजता अंधारात, धुरात, म्हाताऱ्या माणसाला धरून उतरता येईल इतका मोकळा हवा. एवढी एक कसोटी पुरे.

पाण्याचंही तेच. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या तळमजल्यांवरचं होतं नव्हतं ते गेलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा त्या भागातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमधली वाहनं आणि सामान वाहून गेलं. जमिनीलगत ठेवलेली मौल्यवान वस्तू पुण्यात कधीच पूर्ण सुरक्षित नव्हती.

कागदाला हात लावण्याआधी

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. जुन्या वाड्यांत कागद कापडात बांधून ठेवत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. पेशवे दफ्तरातले कागद आजही रुमालांनीच मोजले जातात. सरकारी दफ्तर टिकलं. पण मराठ्यांच्या इतिहासाचा मोठा भाग खासगी घरांच्या माळ्यांवर आणि कोनाड्यांत पडून होता. वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून ते रुमाल शोधत हिंडले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं ते याच कामासाठी. जे कागद त्याआधीच बंबात गेले किंवा रद्दीत विकले गेले, त्यांचा इतिहास कुणालाच लिहिता येणार नाही. आणि ते जाळणाऱ्यांनी वाईट हेतूने जाळले नव्हते. त्यांनी फक्त माळा साफ केला होता.

हे दूरचं उदाहरण वाटत असेल तर आपलंच घ्या. मालकी सदनिकांच्या कायद्याखालच्या नियमांप्रमाणे संस्था नोंदल्यानंतर चार महिन्यांत जमिनीचं अभिहस्तांतरण व्हायला हवं. आपल्याकडे ते वर्षानुवर्षं झालं नाही, जसं इतर असंख्य सोसायट्यांत झालेलं नाही. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला झाला, पण त्यासाठी कागद हवेत : मंजूर नकाशा, नोंदणीकृत करारनामे, सूची क्रमांक दोन, मालमत्ता पत्रक. कार्यालयाच्या कपाटात मंजूर नकाशाची प्रत नव्हती. ती निघाली आपल्या पहिल्या सचिवांच्या गॅरेजातल्या ट्रंकेत, जुन्या दिवाळी अंकांच्या खाली. सचिव तोवर हयात नव्हते. त्यांच्या सूनबाईंनी ती ट्रंक भंगारवाल्याला तशीच द्यायची नाही, एकेक कागद बघूनच द्यायची, असं ठरवलं म्हणून नकाशा सापडला. त्याच ट्रंकेत पहिल्या सभासदांच्या सह्यांची यादीही होती. आज आपण ज्या जमिनीवर रौप्यमहोत्सवाचा मांडव घालतो आहोत, तिचा कागदोपत्री हक्क त्या अडगळीतून वर आला. पुनर्विकासाची चर्चा आज ना उद्या येईल, तेव्हा याचं मोल आणखी कळेल.

मग करायचं काय?

इतिहासातून मला चार गोष्टी दिसतात, त्या सभासदांपुढे ठेवतो.

पहिली, तारीख. "सवडीने करू" म्हटलं की होत नाही. घटस्थापनेच्या आधीचा आठवडा हा घर झाडण्याचा आहेच, तोच गॅरेजांचाही ठरवावा. म्हणजे दसऱ्याला गाड्यांना हार घालताना त्या आपापल्या छपराखाली असतील.

दुसरी, मालक हजर हवा. ज्याची वस्तू त्याच्या समोरच हलवायची. मुलं परदेशात असतील तर व्हिडिओ कॉलवर दाखवायची. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला खुर्ची टाकून बसवावं. काम दुप्पट वेळ घेईल, कारण प्रत्येक वस्तूची गोष्ट ऐकावी लागेल. ऐकावी. बऱ्याचदा गोष्ट सांगून झाली की वस्तू सोडायला माणूस आपणहून तयार होतो. ज्यांना अवघड जाईल त्यांनी वस्तूचा फोटो काढून मागे चार ओळी लिहून ठेवाव्यात.

तिसरी, रस्ते. नुसतं "काढा" म्हणून चालणार नाही, कुठे जाणार तेही सांगायला हवं. त्या आठवड्यात गेटवर एक टेबल मांडू. चालू वस्तू आधी सोसायटीतच एकमेकांना, मग आपल्याकडे काम करणाऱ्या मावशी आणि वॉचमन काकांना विचारून. विचारून म्हणजे खरंच विचारून, नको असलेलं त्यांच्या गळ्यात मारायचं नाही. दुरुस्त होण्याजोगं दुरुस्तीला. उरलेलं कचरावेचकांच्या हाती. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आणि पुढे तिच्यातूनच उभी राहिलेली 'स्वच्छ' सहकारी संस्था हे काम करते. आपण सहकारी संस्था, त्याही सहकारी संस्था. बोहारणीची परंपरा त्यांनीच पुढे चालवली आहे.

चौथी, कागद सगळ्यात शेवटी आणि उजेडात. एकही खोका न उघडता द्यायचा नाही. सोसायटीशी संबंधित कागद, जुन्या सभांची पत्रकं, बांधकामाच्या वेळचे फोटो सापडले तर कार्यालयात आणून द्यावेत. त्यांचा एक रुमाल बांधून ठेवू. पन्नासाव्या वर्षी स्मरणिका काढणाऱ्यांना आपण कोण होतो हे त्यातूनच कळेल.

राहता राहिला तांब्याचा बंब. तो ज्यांचा आहे त्या आजी म्हणतात की देणार नाही. हरकत नाही. घासून लखलखीत करून मांडवाच्या दारात ठेवू, त्यात झेंडूची फुलं छान दिसतील. वस्तू ठेवायची असेल तर ती दिसेल अशी ठेवावी. दाराआड कोंडून ठेवलेली वस्तू जपलेली नसते, ती फक्त विसरलेली असते.